कर्लवरून फील्ड आणि पाच मार्कांचं शून्य

परवा भाचा घरी आला तो चेहरा पाडूनच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्रीच्या टेस्टचा पेपर माझ्यासमोर टाकून म्हणाला, "मामा, सांग बरं, यात काय चुकलंय?"

प्रश्न साधा होता. एका व्हेक्टर फील्डचा कर्ल (०, ०, १) आहे, तर ते फील्ड शोधा. पोरानं लिहिलं होतं (०, क्ष, ०). सरांच्या कागदावरचं उत्तर होतं (−य/२, क्ष/२, ०). लाल रेघ, पाचपैकी शून्य. विचारायला गेला तर म्हणे "उत्तर जुळत नाही."

मी तिथंच दोन्हींचा कर्ल काढला. पहिले दोन घटक दोन्हीकडे शून्य. तिसरा घटक भाच्याच्या उत्तरात १ वजा ०, सरांच्या उत्तरात १/२ अधिक १/२. दोन्हीकडे एकच! म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर. मग शून्य कशाबद्दल?

गंमत बघा. इंटिग्रेशन करून शेवटी 'अधिक सी' लिहायला विसरलात तर हीच मंडळी अर्धा मार्क कापतात. का, तर डेरिव्हेटिव्हवरून मूळ फंक्शन एकमेव ठरत नाही. बरोबरच आहे. पण कर्ल उलटा फिरवताना हाच नियम जातो कुठे? उलट इथं तो 'सी' फार मोठा झालेला असतो. नुसता आकडा नाही, तर कुठल्याही फंक्शनचा ग्रेडियंट मिळवा, कर्ल तोच राहतो, कारण ग्रेडियंटचा कर्ल शून्य असतो. वरच्या दोन उत्तरांतला फरक (−य/२, −क्ष/२, ०), म्हणजे −क्षय/२ या फंक्शनचा ग्रेडियंट. बस्स, एवढाच फरक!

सूत्रं बाजूला ठेवू. सरांचं उत्तर म्हणजे ताटासारखं गोल गोल फिरणारं पाणी. भाच्याचं उत्तर म्हणजे नदी: काठाशी संथ, आत जावं तसं वेगवान, पण सरळ वाहणारी. दोन्हीत एकेक छोटी भिंगरी सोडा. दोन्ही सारख्याच वेगानं फिरतील. कर्ल सांगतो तो भिंगरीचा वेग. नदी कुठे चाललीय ते तो सांगत नाही. या प्रश्नात शिकण्यासारखं हेच होतं, आणि नेमकं तेच लाल रेघेखाली गेलं.

कुणी म्हणेल, एकच उत्तर हवं असेल तर डायव्हर्जन्सही द्यावा. द्या की! पण या दोन्ही उत्तरांचा डायव्हर्जन्सही शून्यच आहे. तेवढ्यानं भागत नाही. सीमेवर किंवा अनंतावर फील्ड कसं वागतं तेही सांगावं लागतं. प्रश्नात यातलं काही नव्हतं.

बरं, उत्तर अस्तित्वात तरी आहे का, हे तरी आपण कुठे विचारायला शिकवतो? कुठल्याही कर्लचा डायव्हर्जन्स शून्यच असतो. (क्ष, य, झ) चा डायव्हर्जन्स ३ येतो, म्हणजे ते कुठल्याच फील्डचा कर्ल असू शकत नाही. असा प्रश्न टाकून बघा. सूत्रात घालून निमूटपणे 'उत्तर' काढणारी पोरं किती निघतील, याची मला धास्तीच वाटते.

"शंभर पेपर तपासायचे, प्रत्येकाचं वेगळं उत्तर कोण बघणार?" हा बचाव मी ऐकलाय. अहो, पण उलटा तपास इथं सगळ्यात सोपा आहे! उत्तर शोधायला पोराला दहा मिनिटं लागतील, त्याचा कर्ल काढून बघायला तुम्हाला एक मिनिट. ते एक मिनिट नसेल तर प्रश्न विचारू नका.

पाच मार्कांचं दुःख मला नाही. जाताना भाचा म्हणाला, "जाऊ दे मामा, आता परीक्षेत गाईडमधलंच लिहितो." स्वतः विचार करून बरोबर उत्तर काढलेला मुलगा! त्या टेस्टमधून तो हे शिकला.

मागणी फार मोठी नाही. 'फील्ड शोधा' ऐवजी 'असं एखादं फील्ड शोधा' म्हणा. आणि तपासताना आपला कागद बाजूला ठेवून पोराच्या उत्तराचा कर्ल काढा. जुळला की पाचपैकी पाच.