बॅकअप रोज होतो हो!

"आमच्याकडे बॅकअप रोज होतो" हे वाक्य कुणी छाती फुगवून म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. होतो म्हणजे काय होतो? शेवटचा रिस्टोअर कधी केला होतात, एवढंच सांगा. मग बघा चेहरे.

मंडळी, हे मी शहाणपणाने बोलत नाहीये. तोंड पोळल्यावर बोलतोय. २००३ साली एका छोट्या कंपनीचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे होता. रात्री क्रॉन उठायचा आणि टार चालवायचा. (टार म्हणजे मुळात 'टेप आर्काइव्ह'च, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनचा.) आधी हिशेबाचा डेटा, मग होम, शेवटी ईटीसी. सकाळी मेल यायची, 'बॅकअप यशस्वी'. कपाटात सोमवार ते शनिवार अशी लेबलं लावलेल्या सहा डॅट टेपा ओळीने उभ्या. काय देखणं दिसायचं ते!

एक दिवस डिस्क गेली. टेप घातली, यादी काढली, तर आत फक्त ईटीसी. दुसरी घातली, तेच. सहाही टेपांत तेच.

कारण? स्क्रिप्टमध्ये डिव्हाइस होतं 'एसटी-झिरो'. (महामंडळाची नव्हे, पण वेळेवर दगा तिनेही दिला.) हे डिव्हाइस बंद होताच टेप आपोआप पहिल्यापासून गुंडाळतं. म्हणजे दुसरा टार पहिल्याच्या डोक्यावर, तिसरा दुसऱ्याच्या. तिथे 'एनएसटी-झिरो' हवं होतं, जे टेप आहे तिथेच ठेवतं. एक अक्षर! टारने चूक कळवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालीच नव्हती. स्क्रिप्ट कुणी लिहिली होती? अस्मादिकांनीच. कंपनीतले अकाउंटंटकाका पुढचा दीड महिना छापील बिलांवरून एंट्र्या करत बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कुणीतरी म्हणेलच, टेपांचा जमाना गेला. गेला? २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतल्या मेल एका बगमुळे उडाल्या, तेव्हा गूगलने त्या टेपवरूनच परत आणल्या. कपाटातल्या टेपपर्यंत कुठलाही 'आरएम' पोचत नाही. रेडवाल्यांनी तर गप्पच बसावं. एका डिस्कवरचं पुसलं की आरसा दुसरीवरचंही इमानेइतबारे पुसतो. आणि गिटलॅब? जानेवारी २०१७ मध्ये चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला गेला, मग कळलं की डेटाबेसचा नेहमीचा बॅकअप व्हर्जन जुळत नसल्याने होतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या मेलही पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून निभावलं. टेप नव्हती, क्लाउड होता. रोग तोच.

असो. परवा भाचा म्हणाला, "मामा, माझं सगळं क्लाउडवर आहे." म्हटलं, छान. तुझ्या बहिणीच्या बारशाचा एक फोटो आत्ता उतरवून दाखव.

अजून शोधतोय.