एका शेअरचे चार, पण पुढे?

धानाचे चुकारे जमा झाले की बोदलकसा-तिरोडा भागातली तरुण मंडळी आता मोबाइलवर डीमॅट खातंही उघडून बघतात. म्हणून हा अंक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेअरवर. उदाहरण घेतलंय आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या, नागपुरातही कार्यालय असलेल्या ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’चं. २०१० मध्ये ३१० रुपयांना मिळालेल्या एका शेअरचे, २०१५ चा बोनस आणि २०२४ ची विभागणी धरून, चार झाले. (नुसत्या बोनसनं कुणी श्रीमंत होत नाही, नफा वाढावा लागतो!) पण पुढं काय? बहुतांश कमाई अमेरिकेतली, त्यात कोड लिहायला एआय आलेला. ग्राहक टिकतील का, नफ्याच्या किती पट भाव मोजावा, हे आम्ही तपासलंय. तुमचा अनुभव, अगदी तोट्याचाही, जरूर कळवा.