किनाऱ्याची वाइन आणि पनवेलचे जांभूळ

नाशिककडील वाइनच्या कारखान्यांची वार्ता ऐकून कोकणातील शेतकऱ्याच्या मनात द्राक्षांचा विचार येणे स्वाभाविक आहे. परदेशातील उत्तम तांबडी वाइन समुद्रकिनारी होते. मग ती पनवेलच्या किनाऱ्यावर का होऊ नये, हा प्रश्नही वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. पण किनारा आणि किनारा यांत अंतर आहे.

ज्या तांबड्या वाइनला जाणकार भरदार म्हणतात, तिचा गडद रंग व तुरटपणा द्राक्षाच्या रसातून येत नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस जवळजवळ बिनरंगी असतो. रंग सालीत आणि तुरटपणा साल व बी यांत असतो; म्हणून रस सालीसकट आंबवितात. ही साल नीट पिकण्यास फळ वेलीवर पुष्कळ दिवस राहावे लागते आणि तेवढ्या काळात त्यातील आंबटपणा उडून जाता कामा नये. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. उन्हाळ्यातही सकाळी धुके येते, हवा थंड राहते व द्राक्ष सावकाश पिकते. मुख्य म्हणजे तेथील पाऊस हिवाळ्यात, वेल निद्रिस्त असताना पडतो.

पनवेलला सर्व उलट आहे. जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, एरवी दमट उष्मा आणि वेलीला विसावा देणारी थंडी नाही. अशा हवेत केवडा व करपा हे रोग हटत नाहीत. नाशिकला उंची आहे, हिवाळ्यातील रात्री थंड असतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ कोरड्या हवेत पिकते. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आखले, तेही अशा भागांसाठी उपयोगी पडले. तरीदेखील २००८ नंतर मागणी घसरली तेव्हा तेथील अनेकांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या. जे संकट नाशिकला पेलले नाही, ते कर्ज काढून पनवेलला आणण्यात काय शहाणपण?

याच मातीत एक फळ मात्र असे आहे, की ज्याला रंग आणि तुरटपणा उपजतच लाभला आहे. ते म्हणजे जांभूळ. त्याची वाइन होऊ शकते. पण तिला द्राक्षाच्या वाइनची बहीण म्हणून विकू नये. वाइनच्या काळ्या द्राक्षांत तोडणीच्या वेळी साधारण २२ ते २५ टक्के साखर असते. जांभळात ती पुष्कळच कमी असल्याने वरून घालावी लागते आणि चवीचा भरदारपणा तितका येत नाही. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. घरच्या माठात प्रयोग करू पाहणाऱ्यास हे वेळीच सांगितले पाहिजे.

म्हणून वाइनसाठी जांभूळ लावावे असे नव्हे. ते ताज्या फळासाठी लावावे. उरलेल्या मालाचा रस व सरबत करावे आणि परवाना असलेला कारखानदार दारी आला तर त्याला माल द्यावा. आज नुकसान होते ते निराळ्याच कारणाने. फळ पिकते त्याच सुमारास पाऊस गाठतो, माल दोन दिवसही टिकत नाही, आणि उंच झाडाच्या ठिसूळ फांद्यांवर चढणारा माणूस जीव धोक्यात घालतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या ‘कोकण बहाडोली’ जातीची कलमे लावून ती छाटणीने बुटकी ठेवल्यास तोडणी जमिनीवरून किंवा लहान शिडीवरून होते. दोन्ही बाजूंनी १० मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी १०० झाडे बसतात; ज्यांची जमीन थोडी आहे त्यांनी वरकस जमिनीत किंवा बांधाला चार-पाच लावली तरी चालेल. खाडीकाठच्या खार जमिनीत मात्र लावू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यापूर्वी गावातील फळणाऱ्या झाडांची मोजदाद करून, चार-पाच मालकांचा माल एकाच टेम्पोने पहाटे मुंबईच्या बाजारात जाईल अशी व्यवस्था लावून द्यावी. कलमांची मागणीही तेव्हाच नोंदवावी, म्हणजे पावसाच्या आरंभी ती हाती येतील.