मुखपृष्ठावरून रणगाड्यात!

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणत्यांचे तबक घेतलेली सुंदरी असायचीच. वाचकहो, तीच उद्या रणगाडा हाकू लागली तर? अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८३ साली ‘जी. आय. जो’ या खेळण्यांच्या फौजेत अशीच एक बाहुली आणली. नावही ‘कव्हर गर्ल’! शिकागो-न्यूयॉर्कमधली ही मॉडेल सारा झगमगाट सोडून सैन्यात शिरते नि ‘वुल्व्हरीन’ हा क्षेपणास्त्रांचा रणगाडा चालवते, अशी तिची कहाणी. उंची जेमतेम पावणेचार इंच. खऱ्या अमेरिकी सैन्यात मात्र तेव्हा स्त्रियांना रणगाड्यावर मज्जाव होता. सर्व लढाऊ जागा त्यांना खुल्या करण्याचा निर्णय जाहीर झाला, तो डिसेंबर २०१५ मध्ये. बाहुली आली तेव्हा आठ वर्षांची असलेली पोर तोवर चाळिशीला टेकली होती. तिचे भरतीचे वय केव्हाच उलटलेले!