कपाटातला अहवाल आणि आपण

दंगल झाली की सरकार दोन कामं करतं. आधी कर्फ्यू लावतं, मग न्यायाधीश नेमतं. कर्फ्यू उठतो. न्यायाधीशाने लिहिलेला कागद मात्र मंत्रालयाच्या कपाटात जाऊन बसतो. आम्ही भिवंडीकर हा खेळ दोन पिढ्या बघतोय.

मी लूमवर राबणाऱ्याचा पोरगा. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथं दंगल पेटली. आग जळगावला गेली, महाडला गेली. होय, बाबासाहेबांनी पाणी उचललं त्याच महाडला! न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. त्यांनी काय लिहिलं? आग अचानक लागली नव्हती, आधीपासून तापवत आणली होती. पोलिसांच्या खास तपास पथकाने धर्म बघून तपास केला, मुसलमानांना खोट्या खटल्यांत गोवलं. हे कुणा चळवळ्याचं भाषण नाही, हायकोर्टाच्या न्यायाधीशाची लेखणी आहे.

त्या अहवालाचं काय झालं? छापला आणि गाडला. माझ्या आळीत तो डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस सापडत नाही. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली. ज्यांचं घर गेलं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आग कशी लावतात ते सरकारदरबारी लिहून ठेवलंय.

कायदा काय म्हणतो? 1952 चा चौकशी आयोग कायदा म्हणतो, अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत तो सभागृहात ठेवा, काय कारवाई केली तेही सांगा. आता सरकारांचा हिशेब बघा. मुरादाबादच्या 1980 च्या दंगलीचा अहवाल 1983 ला तयार झाला, विधानसभेत आला 2023 ला. चाळीस वर्षं! गुजरातचा नानावटी-मेहता अहवाल 2014 ला सरकारकडे गेला, सभागृहात आला 2019 ला. इंदिरा गांधींच्या हत्येचा ठक्कर अहवाल दडवायला तर 1986 मध्ये दिल्लीवाल्यांनी कायदाच वाकवला. 1989 ला वर्तमानपत्राने तो फोडला, तेव्हा झक मारत संसदेत ठेवला. दडवायची ती सोय 1990 मध्ये कायद्यातून काढली. पण दडवायची खोड कुठं गेली?

आपल्या महाराष्ट्रात तर 1996 च्या जानेवारीत युती सरकारने श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. बोंब झाली म्हणून मे महिन्यात परत उभा केला. 1998 च्या ऑगस्टमध्ये अहवाल मांडला आणि त्याच दमात झिडकारला. पुढं काय झालं ते 2022 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात दिसलं. त्या दंगलीतल्या बेपत्ता 168 माणसांपैकी फक्त 60 जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली होती. 108 घरं तीस वर्षं वाट बघत बसलेली.

म्हणून म्हणतो, उशीर ही कारकुनाची ढिलाई नव्हे. उशीर हाच निकाल आहे. तेवढ्यात अधिकाऱ्याला बढती मिळते, पेन्शन लागते. साक्षीदार मरतो. विधवा म्हातारी होते. मग कपाट उघडलं काय न उघडलं काय, आतून धूळच निघणार.

सरकार म्हणतं, कागद बाहेर आले तर शांतता बिघडेल. साफ खोटं! श्रीकृष्ण अहवाल मुंबईत हातोहात फिरला. तो वाचून कुणी दगड उचलला? दगड उचलणारे अहवाल वाचत नसतात. वाचणारा प्रश्न विचारतो, आणि प्रश्नाचीच यांना भीती आहे. इलयापेरुमल समितीचा अहवाल आठवा. गावोगावचे अत्याचार त्यात सरकारी भाषेत नोंदलेले होते. ते वाचून पोरांची डोकी फिरली, आणि 1972 ला पँथर उभी राहिली. कागद काय करू शकतो ते प्रस्थापितांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा मित्रांनो, नुसत्या घोषणा पुरे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 8, पोटकलम 3 आहे. घटनेला वीस वर्षं उलटली की तीन अपवाद सोडून गुप्ततेच्या सबबी चालत नाहीत. तपासात अडथळा येईल ही सबब तर अजिबात नाही. 1970 ला वीस वर्षं कधीच उलटली, 1984 लाही उलटली. दहा रुपयांचा अर्ज. मागा अहवाल, मागा परिशिष्टं, प्रतिज्ञापत्रं, स्टेशन डायऱ्या, कारवाईचा तपशील. सापडत नाही म्हणाले तर लेखी मागा. नष्ट केलं म्हणाले तर विचारा: कधी, कुठल्या नियमाने, कुणाच्या सहीने?

आणि मिळेल ते पान झेरॉक्स करून नाक्यावर वाचा. बौद्धवाड्यात वाचा, मोहल्ल्यात वाचा, लूमच्या दारात वाचा. आपल्या बापजाद्यांच्या राखेवर लिहिलेला कागद आहे तो. त्याच्यावर पहिला हक्क आपला.