सूचना मागवल्या, उत्तराचे काय?

पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे. याच महापालिकेत सामान्य नागरिकाला अंदाजपत्रकासाठी थेट काम सुचवता येते. त्या एका कामाची मर्यादा वर्षानुवर्षे पाच लाख रुपये. या दोन आकड्यांतल्या अंतरावर बोट ठेवण्याआधी पुण्याच्या पदरात श्रेय टाकायला हवे. नितीन करीर आयुक्त असताना, २००६-०७ च्या सुमारास या शहराने ‘सहभागी अर्थसंकल्प’ सुरू केला. राज्यातल्या अनेक शहरांत तेव्हा अंदाजपत्रक म्हणजे आयुक्त, स्थायी समिती आणि लेखा विभाग यांचा खासगी मामला होता. पुढे इतरांनाही हे सुचले. मुंबई महापालिकेने २०२५-२६ च्या, म्हणजे ७४ हजार ४२७ कोटींच्या अर्थसंकल्पाआधी नागरिकांकडून सूचना मागवल्या. मागवण्याची पद्धत रुळली, हे चांगलेच झाले. पण सूचना मागवणे म्हणजेच लोकसहभाग, असा समज प्रशासनाने करून घेतला असेल आणि नागरिकांनीही तो मान्य केला असेल, तर त्याला वेळीच हरकत घ्यायला हवी. सूचना देणाऱ्याला उत्तर मिळते तेव्हा सहभाग सुरू होतो. आज नेमके तेच मिळत नाही.

एका अर्जाचा प्रवास पाहू. समजा, एका वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात महिलांच्या बाजूच्या तीन दारांना कड्या नाहीत, दिवा बंद आहे, पाण्याची टाकी गळते. वस्तीतली एक महिला क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज भरते. काम कोणते, कुठे, हे लिहिते. हे दिवस साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धातले. त्यानंतर कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन पाहायचे, पूर्वगणनपत्रक करायचे, काम क्षेत्रीय कार्यालयाच्या यादीत घालायचे. ती यादी प्रभाग समितीपुढे जायची, तिथून महापालिका भवनात, मग आयुक्तांच्या अंदाजपत्रकात, स्थायी समितीत आणि शेवटी मुख्य सभेत. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला उजाडते. मग निविदा, कार्यादेश आणि ठेकेदाराची वाट. तीन कड्या, एक दिवा आणि एक टाकी यांच्यासाठी अर्ज केल्यापासून वर्ष सहज उलटते. तेही काम यादीत टिकले तर! आणि या साऱ्या वाटेवर अर्ज करणाऱ्या बाईला तिचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे, मंजूर झाला की नाही, नसेल तर का नाही, हे कळवण्याचे बंधन कोणावरच नाही. कडी लागली नाही, यावरूनच तिने काय ते समजून घ्यायचे.

यादीत आलेले कामही सुरक्षित नसते. महापालिकेच्या कारभारात ‘वर्गीकरण’ नावाचा एक निरुपद्रवी वाटणारा व्यवहार असतो. एका अर्थशीर्षाखाली ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवायची, एवढाच त्याचा अर्थ. आणीबाणीच्या प्रसंगी तो आवश्यकही असतो. पूर आला, भिंत कोसळली, तर पुढच्या मार्चची वाट पाहून चालत नाही. पण वर्षाच्या उत्तरार्धात वर्गीकरणाच्या प्रस्तावांची जी रांग लागते, तिच्यात आणीबाणी किती आणि हौस किती, हे महापालिकेची वर्दळ रोज पाहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. अशा वेळी पहिला बळी जातो तो ज्याच्यामागे कोणी उभे नाही त्या कामाचा. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स यादी’ पुण्यात प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या प्रत्येक कामाला एक ‘माननीय’ पालक असतो. तो अभियंत्याला फोन करतो, फाइल हलवतो, मार्चअखेर बिल निघेपर्यंत पाठ सोडत नाही. नागरिकाच्या अर्जाला असा पालक नसतो.

दुसरा प्रश्न कामांच्या स्वरूपाचा. पदपथ, पथदिवे, बाके, बसथांबे, ड्रेनेजची किरकोळ दुरुस्ती ही सहभागी अर्थसंकल्पातली नेहमीची कामे. ती हवीतच. पण शहरातल्या माणसाचे जगणे केवळ सिमेंट आणि पेव्हिंग ब्लॉकवर चालत नाही. महापालिकेच्या दवाखान्याची बाह्यरुग्ण सेवा दुपारीच बंद होत असेल, तर धुणीभांडी करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाईला तो दवाखाना असून नसल्यासारखा. अभ्यासिका आहे, पण रात्री उघडी ठेवायला माणूस नाही. विरंगुळा केंद्राची इमारत उभी आहे, पण तिला कुलूप आहे. बालवाडीला शिक्षिका आहे, मदतनीस नाही. अशा ठिकाणी नव्या बांधकामाची गरज नाही. गरज आहे ती माणसांची, वेळेची आणि रोजच्या देखभालीची. हिशेबाच्या भाषेत हा महसुली खर्च. त्याला उद्घाटन नाही, कोनशिला नाही, नावाचा फलक नाही. म्हणूनच तो अंदाजपत्रकात नेहमी मागे ढकलला जातो. नागरिकांना खरोखर विचारायचे असेल तर ‘काय बांधू?’ याच्या जोडीने ‘काय चालू ठेवू?’ हेही विचारावे लागेल. अनेकांच्या मनातली मागणी या दुसऱ्या प्रश्नाखाली येते, आणि तो कुठल्याही अर्जावर छापलेला नसतो.

मग अर्ज कोण करते? ज्याला क्षेत्रीय कार्यालय ठाऊक आहे, कामाच्या वेळेत तिथे जायची सवड आहे आणि लिहिण्याची सवय आहे तो. सोसायटीचे पदाधिकारी, निवृत्त अधिकारी, परिसर समित्यांचे कार्यकर्ते यांच्या चिकाटीमुळेच ही योजना जिवंत राहिली, हे मान्यच. परंतु ज्याच्या घरात नळ नाही तो रोजंदारी बुडवून अर्ज भरायला येणार नाही आणि ज्याच्या सोसायटीच्या दारात उत्तम पदपथ आहे तो आणखी दोन बाके मागेल, तर सहभागाच्या नावाने विषमताच वाढेल. यावर उपाय आहे. पालिकेने वस्त्यांत, सुटीच्या दिवशी, समाजमंदिरात जाऊन अर्ज भरून घ्यावेत आणि निधी वाटताना अर्जांच्या संख्येइतकेच वजन गरजेलाही द्यावे.

शहरी नागरिकाला आज जे मिळत नाही, ते खेड्यातल्या नागरिकाला कायद्याने मिळालेले आहे. ग्रामसभेत कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला पैशांचा हिशेब विचारू शकतो. तिच्यासाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते आणि नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ग्रामसभा कागदावरच होते, हे खरे. पण हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे निर्णय घेतले आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसंमतीने कारभार करून दाखवला, तो याच व्यवस्थेच्या बळावर. आता पुण्याकडे पाहा. जून २०२१ मध्ये आसपासची २३ गावे महापालिकेत आली. गाव शहरात आले त्या दिवशी तिथल्या रहिवाशांची ग्रामसभा गेली. जेमतेम नऊ महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. त्या काळात ग्रामसभा नव्हती, नगरसेवकही नव्हता. कर मात्र शहराचा. विकासाच्या नावाने शहरात आलेल्या माणसाचा आवाज आधीपेक्षा क्षीण व्हावा, याइतकी उलटी गोष्ट दुसरी नसेल.

कायद्यात सोय नाही, असेही नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीसाठी लोकसहभागाचा कायदा करणे ही एक अट होती. त्यातून महाराष्ट्राने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ‘क्षेत्रसभा’ आणल्या. म्हणजे शहरातल्या छोट्या भागाची, ग्रामसभेसारखी मतदारांची सभा. निधी आला, खर्च झाला, अभियानही संपले. क्षेत्रसभा मात्र शहरांच्या अंगवळणी पडल्याच नाहीत. त्यासाठी आंदोलने करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना वर्षानुवर्षे आश्वासनांवर समाधान मानावे लागले. सत्तेवर कोणताही पक्ष असो, या एका बाबतीत सर्वांचे एकमत दिसते.

लोकप्रतिनिधींचा युक्तिवाद ठरलेला आहे : लोकांनी आम्हाला निवडून दिले आहे, मग पुन्हा लोकांना विचारायचे कशाला? प्रशासनाचा युक्तिवादही तितकाच ठरलेला : लोकांना मोठा विचार करता येत नाही, ते गतिरोधक आणि खड्डे यांच्या पलीकडे जात नाहीत. पहिल्याला उत्तर सोपे आहे. निवडणूक पाच वर्षांनी होते, पैसा दरवर्षी खर्च होतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांची अंदाजपत्रके एकाही निर्वाचित सदस्याच्या मताशिवाय मंजूर होत होती. तेव्हा लोकप्रतिनिधित्वाची आठवण किती जणांना झाली? दुसऱ्या युक्तिवादाला उत्तर केरळने दिले आहे. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत त्या राज्याने योजनेच्या निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांच्या हाती सोपवला आणि गावोगाव बैठका घेऊन लोकांकडून आराखडे करवून घेतले. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांच्या सभांतून भांडवली खर्चाचे प्राधान्यक्रम ठरवले, तेव्हा वस्त्यांतल्या लोकांनी पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या वरच्या क्रमांकावर ठेवल्या. लोक छोटे मागतात कारण त्यांना विचारलेच छोटे जाते. पाच लाखांची चौकट घालून उड्डाणपुलावर मत का देत नाही, असे म्हणणे हा कांगावा झाला. मोठ्या प्रकल्पांवर मत मागितले जाते ते बहुधा निविदा निघाल्यानंतर. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी, तसे.

सार्वजनिक पैसा कशावर खर्च करायचा, हा प्रश्न या शहराला नवा नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेपुढे आला. सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी त्याला एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची भूमिका होती. प्रस्ताव मंजूर झाला. पण बहुमताच्या निर्णयालाही प्रश्न विचारता येतो आणि तो विचारताना पर्यायही मांडता येतो, हे या सभागृहाच्या इतिहासात नोंदले गेले. आज फुल्यांच्या नावाने भाषणे करणाऱ्यांना त्यांचा हा वारसा आठवायला हरकत नाही.

नागरिकांनीही स्वतःकडे पाहावे. राहत्या घरांच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली, तेव्हा ‘पीटी ३’ अर्ज भरण्यासाठी पुणेकरांनी रांगा लावल्या. त्यात गैर काही नाही. सवलत हक्काची होती. पण कर किती द्यायचा यासाठी जो उत्साह दाखवला, त्याच्या निम्मा उत्साह त्या कराचे पुढे काय होते हे विचारण्यात दाखवला, तर क्षेत्रीय कार्यालयांची भाषा बदलेल. जकात गेली, एलबीटी गेला, जीएसटीनंतर महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबून राहू लागल्या. अशा स्थितीत मिळकतकर हा नागरिक आणि पालिका यांच्यातला उरलेला थेट धागा आहे. तो फक्त बिलापुरता राहू नये.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक अर्जाला क्रमांक द्यावा आणि तो मंजूर की नामंजूर, हे कारणासह लेखी कळवावे. नागरिकांसाठी राखलेल्या रकमेला वर्गीकरणातून वगळावे. ती खर्च झाली नाही तर त्याच प्रभागात पुढच्या वर्षी द्यावी. दवाखान्याची वेळ, अभ्यासिकेचा सेवक, शौचालयाची सफाई अशा सेवांच्या मागण्याही अर्जात घेता याव्यात. प्रभागाला मिळालेला आणि खर्च झालेला पैसा साध्या मराठीत, क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा. आणि २००९ च्या कायद्यातल्या क्षेत्रसभा प्रत्यक्ष भरवाव्यात, म्हणजे नगरसेवकाला ‘स यादी’चे समर्थन मतदारांसमोर करावे लागेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कर लागत नाही, घटनादुरुस्ती तर नाहीच. सुरुवात तर एका ओळीने करता येईल. नागरिकांनी सूचना देण्याची अखेरची तारीख महापालिका दरवर्षी जाहिरातीत छापते. त्याच जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, महापालिकेने उत्तर देण्याची अखेरची तारीखही छापावी.