आमदाराचे काम कोठे मोजायचे : राजधानीत की गावात?

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावला भरते, तेव्हा काही दिवसांसाठी राजधानीच आपल्या दारात येते. २००६ साली असे अधिवेशन येथे पहिल्यांदा भरले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हलगा-बस्तवाडच्या शिवारात सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. एरवी पाचशे किलोमीटरांवर असणारे सभागृह अशा वेळी एसटीच्या एका तिकिटात गाठता येते. पण त्या सभागृहात आपले गाऱ्हाणे मांडायला कोण बसले आहे, या प्रश्नाचे उत्तर सीमाभागातील मराठी मतदाराला आज देता येत नाही. आमदार आहेत, त्यातले काही घरात मराठी बोलणारेही आहेत. मग उणीव कोठे आहे, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

आमदाराला दोन अंगणे असतात. एक राजधानीतले, जेथे कायदा होतो, प्रश्न विचारले जातात, सरकारला उत्तर द्यावे लागते. दुसरे घरचे, म्हणजे मतदारसंघातले, जेथे रस्ता, गटार, शाळाखोली आणि घरकुलाची यादी असते. सीमाभागात आपण आमदाराला दोनच मापांनी मोजत आलो. सीमाप्रश्नावर तो काय बोलतो हे एक आणि गावाला निधी किती आणला हे दुसरे. या दोन मापांच्या मध्ये एक मोठे काम बेवारस पडून राहिले. सातबारा-उताऱ्याची भाषा, मराठी शाळेचा शिक्षक, सरकारी परिपत्रकाचे मराठी रूप, ही ती कामे होत.

मंत्री मिळाला, प्रश्नकर्ता गेला

अलीकडचे उदाहरण बेळगाव ग्रामीणचे घेऊ. २०१८ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा लक्ष्मी हेब्बाळकर येथून निवडून आल्या आणि मे २०२३ मध्ये त्यांच्याकडे महिला व बालकल्याण खाते आले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला म्हैसूरला 'गृहलक्ष्मी' योजनेचा प्रारंभ झाला. कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर महिन्याला दोन हजार रुपये जमा करणारी ही योजना त्यांच्याच खात्याची. राज्यातील एक कोटीहून अधिक स्त्रियांपर्यंत ती पोचली आणि त्यात आपल्या गावांतील आयाबहिणीही आहेत. हप्ता मागेपुढे झाल्याची कुरबूर ऐकू येते, पण ज्या माउलीच्या हाती पूर्वी स्वतःचा म्हणून पैसा नव्हता तिच्या दृष्टीने हे काम लहान नाही. जे झाले ते झाले म्हणावे, त्यात पक्ष आड येऊ नये.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मंत्री सभागृहात उत्तरे देतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना ही हत्यारे मंत्री नसलेल्या सदस्याची. म्हणजे ज्या मतदारसंघाला मंत्रिपद मिळते, त्याला सरकारात हात मिळतो, पण सभागृहात प्रश्न विचारणारे तोंड मिळत नाही. ती उणीव शेजारच्या आमदारांनी भरून काढायची असते. आपल्याकडे शेजारी आहेत ते दक्षिण, उत्तर, खानापूर आणि निपाणीचे. त्यांतील कोणीही मराठी कागदपत्रांच्या प्रश्नावर निवडून आलेला नाही आणि प्रत्येकाच्या मानेवर पक्षादेशाचे जू आहे.

घरच्या अंगणातले चित्रही पाहावे. मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण चार दिवसांत दोनदा झाले. २ मार्चला मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, तर ५ मार्चला काँग्रेसच्या सोहळ्यात. निवडणूक दोन महिन्यांवर होती. महाराजांचा पुतळा उभा राहिला याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला झाला. परंतु ज्या मतांसाठी दोन पक्षांनी एकाच पुतळ्याचे अनावरण दोनदा केले, त्याच मतदाराला आपल्या शेताचा उतारा आपल्या भाषेत मिळावा म्हणून दोहोंपैकी एकानेही अशी चढाओढ केली नाही. पुतळ्याचा खर्च एकदाच होतो. मराठीत कागद द्यायचा तर दररोज, प्रत्येक नाडकचेरीत, प्रत्येक पंचायतीत द्यावा लागतो.

दोन ठराव, दोन्ही एकमताचे

राजधानीतले अंगण रिकामे असले की काय होते, हे डिसेंबर २०२२ मध्ये दिसले. १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरवून दिली. त्यानंतर आठवडाभरात, २२ डिसेंबरला, बेळगावातच कर्नाटक विधिमंडळाने महाराष्ट्राला एक इंचही जमीन न देण्याचा ठराव एकमताने केला. २७ डिसेंबरला नागपूरला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव तितक्याच एकमताने केला.

या दोन्ही एकमतांत ज्यांच्याविषयी ठराव झाला, त्यांचा आवाज कोठे होता? नागपूरच्या सभागृहात आपण निवडून दिलेला माणूस बसू शकत नाही. बेळगावच्या सभागृहात बसू शकतो, पण २०१८ पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार तेथे नाही. २०१३ साली बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून गेले होते. ती दोन नावे सभागृहात असती तर ठराव थांबला नसता, हे खरे. दोनशे चोवीस सदस्यांत दोघांचे काय चालणार? पण त्याला 'एकमत' म्हणता आले नसते. कामकाजाच्या छापील वृत्तान्तात एक विरोध नोंदला गेला असता, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागत नाही, तोवर अशा नोंदींना मोल आहे.

२०१८ चा पराभव फुटीने झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खानापुरात समितीचे नाव सांगणारे एकाहून अधिक उमेदवार उभे राहिले आणि त्यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून जास्त भरली. २०२३ ला एकोपा झाला. दक्षिणेत समितीचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर आला, पण जागा एकही आली नाही. म्हणजे फूट हे एकच कारण नव्हे. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते देणारा मतदार विधानसभेला मात्र 'आपले काम कोण करील' असा विचार करतो. तो भावनेने आपला आहे आणि गरजेने दुसऱ्याचा. त्याला दोष देऊन भागणार नाही.

घटनेने दिलेले आणि आपण न मागितलेले

मराठी आमदाराला सभागृहात मराठीत बोलता येत नाही, असा एक समज आहे. घटनेच्या कलम २१० नुसार विधिमंडळाचे कामकाज राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत चालते. परंतु या भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नसेल अशा सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी सभापती देऊ शकतात, असेही तेच कलम सांगते.

शाळेच्या बाबतीत कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्याला सांगते. १९४९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेला दंडक असा, की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. तालुक्यात पंधरा टक्के वा अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, ही भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेली तरतूद आहे. तिच्यावर देखरेख करण्यासाठी कलम ३५० ब खाली खास आयुक्त नेमलेला असतो. खानापूर असो की बेळगाव, पंधरा टक्क्यांची अट आपण कधीच ओलांडली आहे.

दुसऱ्या बाजूने कायदे येतच आहेत. २०१५ च्या कायद्याने पहिलीपासून कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. २०२४ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असण्याची तरतूद आली. आम्हा शिक्षकांचा कन्नड शिकवण्याला विरोध नाही. या राज्यात राहणाऱ्या मुलाला कन्नड आलेच पाहिजे, नाहीतर नोकरीच्या दारातूनच तो परत फिरेल. तक्रार एवढीच, की कन्नड शिकवायला शिक्षक येतो, पण मराठी शाळेतला गणिताचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहते. मग पालक इंग्रजी शाळेची बस पाहतात, पट घसरतो आणि घसरलेल्या पटाचे कारण सांगून पुढची जागा भरली जात नाही. हे चक्र कोणी बंदी घालून सुरू केलेले नाही. ते नुसत्या दुर्लक्षाने फिरते, आणि म्हणूनच त्याविरुद्ध मोर्चा काढणे अवघड जाते. येथे सभागृहातला एक नेमका प्रश्न मोर्चापेक्षा जास्त काम करील : अमुक तालुक्यात मराठी माध्यमाच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, उरलेल्या कधी भरणार? मंत्र्याने आश्वासन दिले की ते आश्वासन समितीकडे जाते आणि त्याचा पाठपुरावा करता येतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिमान वाटला. पण त्या दर्जाने तलाठ्याच्या कचेरीतला उतारा मराठी होत नाही. त्यासाठी कोणीतरी खाली, तालुक्यात, चिकाटीने मागे लागावे लागते.

आता काय करावे

जे निवडून आले आहेत, ते आपलेही आमदार आहेत. त्यांना मत दिले नसेल, तरी प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही. तालुका पातळीवरील केडीपी बैठक आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. तेथे शिक्षण खात्याचा आढावा होतो. घरकुलांची आश्रय समिती, बगर हुकूम जमिनींची समिती यांवरही आमदारच असतो. या बैठकांच्या आधी गावाने लेखी निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि बैठकीत विषय निघाला की नाही ते विचारावे. ग्रामपंचायतीत ठराव करून मराठी परिपत्रकाची मागणी करावी. शाळेच्या एसडीएमसीत पालकांनी नावापुरते न बसता पट आणि रिक्त जागांचा हिशेब दर महिन्याला मागावा. अधिवेशनाआधी प्रत्येक गावाने एकच प्रश्न, पण आकड्यांसह, आपल्या आमदाराच्या हाती द्यावा. त्याने विचारला तर त्याचे जाहीर आभार मानावेत. नाही विचारला तर तेही जाहीर सांगावे.

समितीनेही आपला कार्यक्रम यात मिळवला पाहिजे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होते, ते होत राहील. १ नोव्हेंबरचा काळा दिन पाळला जातो, तोही पाळला जाईल. मूळ मागणी सोडा, असे येथे कोणी म्हणत नाही. पण न्यायालयाचा निकाल येईल त्या दिवशी सीमाभागात मराठी वाचणारी पोरे उरली पाहिजेत. शाळा ओस पडल्या, तर ८६५ हा नुसता आकडा राहील.

आमदाराचे काम राजधानीत मोजायचे की गावात, याचे उत्तर 'दोन्हीकडे' असेच आहे. मात्र माप आपल्या हाती हवे. ते पुतळ्याच्या उंचीत वा सभेच्या गर्दीत सापडणार नाही. आपल्या गावच्या मराठी शाळेत या जूनला किती मुले बसली आणि त्यांच्यापुढे किती शिक्षक उभे राहिले, हे आधी मोजावे आणि तो कागद आमदारांकडे पाठवावा.